महापौर वर गेले, खुर्ची टाऊन हॉलातच राहिली

नागपुरात चाळिशी ओलांडलेल्या कोणापुढेही एके काळचे महापालिका आयुक्त टी. चंद्रशेखर यांचं नाव काढा आणि स्वस्थ बसा. पुढचा अर्धा तास तुमचा नाही. बुलडोझर कुठल्या चौकात आधी आला, कोणाच्या दुकानाचा ओटा किती फूट मागे सरकला, कोणते काका स्टे आणायला कोर्टात धावले, सगळं अगदी रस्त्याच्या नावानिशी ऐकायला मिळतं. 2000 सालच्या आसपासचे ते दिवस. आज आपण ज्या रुंद रस्त्यांवरून गाड्या पळवतो, त्यातले बरेच त्या आयुक्तांच्या खात्यावर जमा आहेत. बोलणाऱ्याचा श्वास घ्यायला थांबण्याचा क्षण पकडून मी हळूच विचारतो, ''तेव्हा महापौर कोण होतं हो?''

महाल भागात झेरॉक्सचं दुकान चालवणारा माझा एक मित्र आहे. त्याचं उभं आयुष्य महापालिकेच्या टाऊन हॉलच्या आसपास गेलं. अर्जांच्या प्रती काढून देता देता त्याला अर्धी महापालिका पाठ झाली आहे. त्यालाही हा प्रश्न मी विचारला. त्याने डोकं खाजवलं, एक नाव घेतलं, मग स्वतःच म्हणाला, ''नाही बे, तो नंतरचा.'' आणि थोड्या वेळाने, ''महापौराले कोन पुसते राजा? सही तं आयुक्ताचीच लागते.''

गंमत अशी की ज्या पदावरच्या माणसाचं नाव शहराच्या लक्षात राहत नाही, तेच पद पुढे त्याच्या फ्लेक्सवर पहिल्या ओळीत येतं. 'नगरसेवक, महापौर, आमदार...' अशी चढण छापलेली असते. महापौर म्हणून शहर चालवलं, आता राज्य चालवा, देश चालवा, असा त्या ओळीचा अर्थ. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे ही ओळ खोटी नसली तरी पोकळ आहे. महापौराने शहर चालवलेलं नसतं, कारण कायद्याने ते त्याच्याकडे दिलेलंच नसतं. आणि वर गेलेल्या महापौरांपैकी फारच थोड्यांनी मागे वळून त्या खुर्चीत काही घातलं. त्यांना पुढे न्यायला ती खुर्ची पुरली, त्यांच्यामागून तिच्यावर बसणाऱ्याला ती तेवढीच अपुरी पडत राहिली.

नागपूरची यादी काढली तर ती लहान नाही. बॅरिस्टर शेषराव वानखेडे या शहराचे महापौर होते. पुढे ते 1972 ते 1977 विधानसभेचे अध्यक्ष होते, क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही झाले. मुंबईचं वानखेडे स्टेडियम त्यांच्याच नावाचं, हे बऱ्याच नागपूरकरांना सांगावं लागतं. अलीकडचं सर्वात मोठं नाव अर्थातच देवेंद्र फडणवीसांचं. 1992 मध्ये नगरसेवक, 1997 मध्ये 27 व्या वर्षी महापौर, 1999 मध्ये आमदार, 2014 मध्ये मुख्यमंत्री. विकास ठाकरे महापौर होते, आज पश्चिम नागपूरचे आमदार आहेत. प्रवीण दटके महापौर झाले, मग विधान परिषदेत गेले, 2024 मध्ये मध्य नागपुरातून विधानसभेत. अनिल सोले महापौरपदावरून पदवीधर मतदारसंघात गेले.

ही सगळी वाट मुंबईला जाते, हे लक्षात घ्या. दिल्लीची गाडी टाऊन हॉलच्या फलाटावरून सुटत नाही. 2004 मध्ये अटलबहादूर सिंग लोकसभेला उभे राहिले. महापौरपद भूषवलेले, शहरात वजन असलेले गृहस्थ, तरी विलास मुत्तेमवारांनी त्यांना हरवलं. 2024 मध्ये विकास ठाकरे लोकसभेला उभे राहिले आणि नितीन गडकरींकडून 1 लाख 37 हजारांवर मतांनी हरले. या दोन लढतींत जिंकलेले दोघेही महापौर राहिलेले नव्हते. गडकरींनी तर नगरसेवकाची निवडणूकही कधी जिंकलेली नाही. ते 1989 मध्ये पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत गेले आणि तिथून पुढे. आज नागपुरात कोणता उड्डाणपूल कुठे उतरणार हे ज्यांच्या शब्दावर ठरतं असं लोक मानतात, त्यांना शहराच्या पहिल्या नागरिकाचा मान एक दिवसही मिळालेला नाही. त्यांना त्याची गरजही पडली नाही.

बायकांची गोष्ट तर आणखी वेगळी. महापौरपदाच्या आरक्षणामुळे अर्चना डेहनकर, नंदा जिचकार, माया इवनाते या खुर्चीवर बसल्या. इवनाते पुढे राष्ट्रीय अनुसूचित जनजाती आयोगाच्या सदस्य झाल्या, म्हणजे दिल्लीच्या जवळ त्यांतल्या त्यात त्याच पोचल्या, तेही नेमणुकीने. निवडणुकीच्या रस्त्याला मात्र पुढे फाटक आहे. 2014, 2019 आणि 2024 अशा तिन्ही विधानसभा निवडणुकांत नागपूर शहरातल्या सहाही जागांवर पुरुषच निवडून आले. सोडतीतून खुर्ची मिळाली की लोक टाळ्या वाजवतात, मुदत संपली की बाई घरी आणि त्याच वॉर्डातला एखादा भाऊ विधानसभेच्या तयारीला. या विषयावर स्वतंत्रच लिहायला हवं.

मुळात महापौर करतो काय? मी नव्वदीच्या दशकात दोन-तीनदा महालच्या टाऊन हॉलमध्ये सभेला जाऊन बसलो होतो. वर प्रेक्षकांसाठी जागा, खाली सभागृह, पंखे गरगरत. महापौर झगा घालून येतात, पुढे राजदंड. घंटी वाजते. विषय क्रमांक पुकारला जातो. नगरसेवक उठतो, आपल्या वस्तीतल्या गडर लाईनबद्दल, म्हणजे सांडपाण्याच्या नळाबद्दल बोलतो, चांगला पोटतिडकीने बोलतो. मग महापौर म्हणतात, ''प्रशासनाने खुलासा करावा.'' प्रशासन म्हणजे बाजूला बसलेले अधिकारी. ते फाईल उघडून खुलासा करतात. खुलासा असा असतो की त्यातून काहीच खुलत नाही. मग आरडाओरडा, कोणीतरी राजदंडाकडे धावतो, चपराशी तो छातीशी धरून उभा राहतो. मला त्या चपराशाचं कौतुक वाटलं होतं. सभागृहात सत्तेचं जे एकमेव चिन्ह होतं, ते सांभाळण्याचं काम त्याच्याकडे होतं.

महाराष्ट्रात महापालिकेचा कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतो आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. पैशाची दोरी स्थायी समितीच्या हातात. महापौर सभेचा अध्यक्ष, शहराचा यजमान, पाहुणे आले की विमानतळावर पुष्पगुच्छ घेऊन उभा राहणारा. त्याला शहराने निवडलेलंही नसतं, नगरसेवकांनी निवडलेलं असतं. मुदत अडीच वर्षांची, आणि पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव ते मंत्रालयातली सोडत ठरवते. तीही मुदत पक्षाला लांब वाटली तर आणखी कापली जाते. 2019 नंतरची अडीच वर्षं नागपुरात संदीप जोशी आणि दयाशंकर तिवारी या दोघांत वाटली गेली. वर्षभरात ज्याला जागा रिकामी करायची आहे, त्याने शहराचा दहा वर्षांचा आराखडा का म्हणून हातात घ्यावा? तो आपल्या पुढच्या तिकिटाचा आराखडा बघणार. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

2020 सालचं भांडण आठवा. तुकाराम मुंढे जानेवारीत आयुक्त म्हणून आले, ऑगस्टमध्ये त्यांची बदली झाली. मधले महिने कोरोनाचे. जूनमध्ये सुरेश भट सभागृहात सभा भरली होती, खुर्च्यांमध्ये अंतर ठेवून. नगरसेवकांच्या बोलण्याने भडकून आयुक्त सभा सोडून निघून गेले. महापौर व्यासपीठावर, सभागृह भरलेलं, आणि कारभार दाराबाहेर पडलेला. त्यानंतर महापौर जोशींनी काय केलं? त्यांनी स्मार्ट सिटीच्या पैशावरून पोलिसांत तक्रार दिली. शहराचे खासदार असलेल्या केंद्रीय मंत्र्यांनी दिल्लीला पत्रं लिहिली. त्या वादात कोण किती बरोबर, यावर नागपुरात अजूनही दोन तट आहेत आणि मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की 25 लाखांच्या आसपास वस्तीच्या शहराच्या महापौराला आपल्याच आयुक्ताविरुद्ध पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, कारण त्याच्या टेबलाच्या खणात दुसरं हत्यार नव्हतं. बदलीचा हुकूम निघाला तेव्हा आयुक्तांच्या बंगल्यापुढे लोक जमले, बदली रद्द करा म्हणून. महापौराच्या बंगल्यापुढे असं कोणी जमल्याचं मला आठवत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जोशी पदवीधर मतदारसंघातून लढले आणि अभिजित वंजारींकडून हरले. गंगाधरराव फडणवीस, गडकरी, सोले यांची ती जागा, भाजपला घरच्या ओसरीसारखी. (2025 मध्ये जोशी विधान परिषदेवर बिनविरोध गेले. मतदारांची वाट बंद झाली तरी पक्षाची मागची दारं असतात.)

आता जरा अवघड जागी येऊ. महापौराला खरे अधिकार देऊन बघण्याचा प्रयोग या शहरात झाला होता, हे किती जणांना आठवतं? 1998 मध्ये युती सरकारने मुंबई आणि नागपूर या दोन शहरांत 'मेयर इन कौन्सिल' पद्धत आणली. म्हणजे मुख्यमंत्र्याला जसं मंत्रिमंडळ, तसं महापौराला आपलं मंडळ आणि कारभाराचे अधिकार त्या मंडळाकडे. त्या पद्धतीने महापौरपदावर आलेला नागपूरचा तरुण म्हणजे देवेंद्र फडणवीस. पुढच्याच वर्षी ती पद्धत गुंडाळली गेली. प्रयोग फसला की नाही हे ठरायलाही वेळ मिळाला नाही. रोप लावलं, पंधरा दिवसांनी उपटून पाहिलं की मुळं धरली का, आणि मग म्हणाले, धरत नाहीत.

पण विचार करा. अख्ख्या महाराष्ट्रात अधिकार असलेला महापौर म्हणजे काय, हे ज्यांनी स्वतः खुर्चीवर बसून पाहिलं अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातला एक 2014 मध्ये मुख्यमंत्री झाला आणि नगरविकास खातं त्याने स्वतःकडे ठेवलं. याहून चांगला योग काय असतो? 2016 मध्ये त्यांच्या सरकारने नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत पुन्हा आणली. ही पद्धत पुढे एका सरकारने काढली, दुसऱ्याने परत आणली, तो खेळ वेगळा. मुद्दा असा की काटोलचा, रामटेकचा, उमरेडचा मतदार आपला नगराध्यक्ष थेट निवडतो. नागपूरचा मतदार आपला महापौर निवडत नाही. पलीकडे जबलपूरचा माणूस निवडतो, रायपूरचाही निवडतो. ज्या जुन्या मध्य प्रांताची राजधानी 1956 पर्यंत नागपूर होती, त्यातल्या या दोन शहरांना जे जमतं ते राजधानीला जमू नये? लहान गावाला दिलेला अधिकार मोठ्या शहराला का दिला नाही, याचं सरळ उत्तर मला एकच दिसतं. काटोलचा थेट निवडलेला नगराध्यक्ष मुख्यमंत्र्याला आव्हान देऊ शकत नाही. मुंबई, पुणे, नागपूरचा देऊ शकतो. पंधरा-वीस लाख मतदारांनी निवडलेला माणूस कोणत्याही आमदारापेक्षा मोठा होईल, आणि मग तिकीट मागायला तो कोणाच्या दारात उभा राहणार?

हा दोष एकट्या फडणवीसांचा नाही. शिवसेनेचे मनोहर जोशी 1976 मध्ये मुंबईचे महापौर झाले, 1995 मध्ये मुख्यमंत्री, पुढे लोकसभेचे अध्यक्ष. छगन भुजबळ दोनदा मुंबईचे महापौर. काँग्रेसचे मुरली देवरा महापौर होते, मग केंद्रात पेट्रोलियम मंत्री. पुण्याचे मुरलीधर मोहोळ 2022 पर्यंत महापौर, 2024 मध्ये खासदार आणि थेट केंद्रात राज्यमंत्री. पक्ष कुठलाही घ्या. यातल्या एकालाही आपण सोडलेली खुर्ची मजबूत करावी असं तीव्रतेने वाटल्याचं दिसत नाही. आयुक्ताने कसं डावललं याचे किस्से मात्र माजी महापौर जेवणानंतर फार रंगवून सांगतात.

पैशाचंही तेच झालं. एके काळी महापालिकेला जकातीचा स्वतःचा पैसा होता. नाक्यावर ट्रकांची रांग लागायची, भ्रष्टाचारही व्हायचा, तो कोण नाकारतो? जकात गेली, 2013 मध्ये एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2015 मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता गेला, 2017 मध्ये जीएसटी. आता राज्याकडून अनुदान येईल तेव्हा महापालिकेचं महिन्याचं गणित जुळतं. ज्याचा पगार दुसरा कोणी देतो, त्याने मान किती वर करायची हेही तो दुसराच ठरवतो.

परदेशाचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लोक हसतात, तरी देतो. अमेरिकेत इंडियाना राज्यात साऊथ बेंड नावाचं गाव आहे. वस्ती लाखभर, म्हणजे आपल्या कामठीहून थोडंच मोठं. तिथला आठ वर्षं महापौर राहिलेला पीट बुटिजेज हा तरुण 2020 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरला. पक्षाच्या उमेदवारीपर्यंत तो पोचला नाही, पण पुढे केंद्रात वाहतूक मंत्री झाला. मला त्याच्या विजयापेक्षा त्याची फजिती जास्त शिकवून गेली. जून 2019 मध्ये त्याच्या गावात पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय माणूस मेला. काही दिवसांतच राष्ट्रीय पातळीवरच्या वादसभेत त्याला विचारलं गेलं की तुझ्या गावाच्या पोलीस दलात कृष्णवर्णीय इतके कमी का. तो म्हणाला, मला ते जमलं नाही. साऱ्या देशासमोर. त्याने हजार दिवसांत हजार पडीक घरं पाडण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा कार्यक्रम राबवला होता, त्यात गरिबांच्या वस्त्यांवर किती वरवंटा फिरला याचाही हिशेब मागितला गेला. हा हिशेब मागता आला, कारण पोलीस त्याच्या हाताखाली होते आणि घरं त्याच्या हुकमाने पडली होती. आपल्याकडच्या माजी महापौराला दिल्लीच्या स्टुडिओत कोणी विचारेल का, की तुमच्या काळात अमुक वस्तीची गडर लाईन का तुंबत होती? विचारलं तर तो हसून म्हणेल, ते प्रशासनाचं काम. आणि त्याचं उत्तर कायद्याने बरोबर असेल. चीड येते ती याचीच.

इंडोनेशियात सोलो नावाच्या शहरात 2005 पासून महापौर थेट निवडला जाऊ लागला आणि फर्निचरचा धंदा करणारे जोको विडोडो निवडून आले. तिथे एका बागेत फेरीवाल्यांनी ठाण मांडलं होतं. त्यांनी पोलीस पाठवले नाहीत, फेरीवाल्यांना पुन्हा पुन्हा जेवायला बोलावलं, बोलणी केली आणि नव्या बाजारात वाजतगाजत नेलं. 2010 मध्ये 90 टक्क्यांहून जास्त मतांनी ते परत आले, मग जकार्ताचे गव्हर्नर, 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या नंतरच्या कारकिर्दीबद्दल बरंवाईट बोलता येईल. पण वर जाताना त्यांनी हातात काय धरलं होतं ते लोकांना दिसत होतं. हे वाचताना मला आपली सीताबर्डी आठवते. मेन रोडवर फेरीवाले, त्यांच्यामागे दुकानदार, मधून बायका पिशव्या सावरत निघालेल्या, आणि वर्षानुवर्षं तोच वाद, कधी पथक येतं, कधी कोर्टाचा आदेश येतो. बर्डीचा प्रश्न सोडवला म्हणून कोणी महापौर मोठा झाला, असं आपल्याकडे होऊ शकत नाही. तो प्रश्न सोडवायची सत्ता त्याच्याकडे नाही आणि न सोडवल्याबद्दल त्याचं काही बिघडतही नाही.

अधिकारवाला महापौर वर गेला म्हणजे सगळं छान होतं, असंही नाही. एर्दोगान 1994 मध्ये इस्तंबूलचे महापौर झाले ते पाणी आणि कचरा या प्रश्नांवर. आज ते राष्ट्राध्यक्ष आहेत आणि 2025 च्या मार्चमध्ये त्याच इस्तंबूलचे महापौर इमामोग्लू तुरुंगात गेले. ज्या दारातून आपण आलो त्या दारातून दुसरा कोणी येऊ नये, ही भावना फार जुनी आणि सर्वदूर पसरलेली आहे. आपल्याकडे तुरुंगाची गरज पडत नाही. दाराची चौकटच इतकी अरुंद ठेवली आहे की त्यातून माणूस जातो, शहर जात नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, अहो, नगरसेवकांच्या हाती कारभार दिल्यावर काय होतं ते आपण पाहिलं नाही का? पाहिलं. नंदलाल समिती आणि क्रीडा साहित्याच्या खरेदीतला महापालिकेतला घोटाळा हे शब्द जुन्या नागपूरकराला समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणूनच लोक आयुक्तांवर प्रेम करतात. पण चोरी झाली म्हणून घराची किल्ली कायमची मुंबईला ठेवायची, हा उपाय मला पटत नाही. आमदार-मंत्र्यांवर कमी आरोप झाले का? म्हणून कोणी राज्याचा कारभार राज्यपालांकडे द्या म्हणत नाही. ज्याच्यावर आरोप करायचा तो एक माणूस समोर असावा, त्याला पुढच्या वेळी पाडता यावं, एवढंच तर हवं असतं.

दुसरा आक्षेप झेरॉक्सवाल्या मित्राचा. तो म्हणतो, ''तुले काय पाहिजे नेमकं? मेट्रो आली, एम्स आलं, रस्ते सिमेंटचे झाले. आपले माणसं वर गेले म्हणूनच आले ना?'' खरं आहे. 2019 च्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा मीही नातवाला घेऊन खापरीपर्यंत जाऊन आलो. पण महामेट्रो ही केंद्र आणि राज्याची निम्म्या-निम्म्या भागीची कंपनी. नासुप्र म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास 1936 च्या कायद्याची, तिचा कारभार निराळा. सभोवतालच्या भागासाठी एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मोठे रस्ते कधी या खात्याचे, कधी त्या. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी 18 विषयांची यादी दिली, आणि नागपुरात त्यातल्या कामांना इतके मालक झाले की कुठल्या खड्ड्यासाठी कुठे जायचं हे कळायलाच एक हेलपाटा वाया जातो. वरून येणारं सगळं देणगीसारखं येतं. देणाऱ्याचे हात लांब असेपर्यंत ते येत राहतं. देणारा बदलला की शहराकडे स्वतःचं काय उरतं, हे कोणी तपासत नाही.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट हे तपासून गेली. रात्री काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने आपली जुनी जागा मागितली. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगरचा भाग, बर्डीचा खालचा भाग, घरांत छातीइतकं पाणी. माणसं गेली. दुसऱ्या दिवशी मी एका परिचिताकडे मदतीला गेलो होतो. फ्रिज आडवा पडून तरंगत स्वयंपाकघरातून बैठकीत आला होता, त्याच्या दारावर मुलीने लावलेली शाळेच्या वेळापत्रकाची चिठ्ठी तशीच चिकटून होती, अक्षरं वाहून गेलेली. घराबाहेर फुटाएवढा गाळ. कोणाला बोलवायचं? महापालिकेची मुदत 4 मार्च 2022 ला संपली होती. महापौर नाही, नगरसेवक नाही, फक्त प्रशासक. लोक तरीही सवयीने माजी नगरसेवकाला फोन लावत होते, तोही सवयीने 'येतो' म्हणत होता. मग उपमुख्यमंत्री पाहणीला आले. म्हणजे याच शहराचे एके काळचे महापौर. लोकांनी आपलं गाऱ्हाणं त्यांच्यापुढेच मांडलं, दुसरं कोणी नव्हतंच मांडायला. गाळाची तक्रार थेट राज्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीकडे. कोणाला यात लोकशाहीची जवळीक दिसेल. मला मधल्या सगळ्या पायऱ्या निखळलेल्या दिसल्या. धरणाच्या सांडव्याजवळचं स्मारक पाण्याला आडवं आलं का, हा वाद मग हायकोर्टात गेला. टाऊन हॉलमध्ये त्यावर एकदाही चर्चा झाली नाही. व्हायला सभागृहच नव्हतं.

स्वातंत्र्यापूर्वी नेहरू अलाहाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते, वल्लभभाई अहमदाबादच्या, सुभाषबाबू कलकत्त्याचे महापौर. तेव्हा वरच्या बहुतेक खुर्च्या इंग्रजांच्या होत्या, भारतीय माणसाला कारभाराला हात लावायला मिळायचा तो मुख्यतः तिथेच. नळ, दिवे, शाळा, घाण यांतून ती माणसं शिकली. आता वरच्या खुर्च्या आपल्या झाल्या आणि खालची ओस पडली. वल्लभभाईंसारखा कोणी आज नागपुरात जन्मला तर तो महापौर होण्याच्या फंदात पडणार नाही. सरळ विधानसभेचं तिकीट मागेल, आणि त्याचे कार्यकर्ते त्याला शहाणा म्हणतील.

मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षांनी, 15 जानेवारी 2026 ला, महापालिकेसाठी मतदान झालं. एका प्रभागात चार जागा, म्हणून चार मतं. माझ्यापुढे रांगेत सत्तरीच्या एक बाई होत्या, लुगड्याच्या पदराला चिठ्ठी गुंडाळलेली. आत गेल्यावर त्यांनी कर्मचारी मुलाला विचारलं, ''पोरा, यातलं महापौराचं बटन कोन्तं?''

''महापौराचं नाही राहत, आजी,'' तो म्हणाला. ''चार रंग आहेत, प्रत्येकाचं एक-एक दाबा. चारही दाबल्याशिवाय बाहेर येऊ नका, मशीन अडकते.''

आजी पडद्याआड गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मागून कोणीतरी ओरडलं, ''मावशी, झालं का?'' आतून आवाज आला, ''थांब न बाबू, चार मानसं निवडाचे आहेत.''